तू दिसलास की पडदा काळा होतो

नाचणगाव
१४ जून २०२५

दादा, जय भीम.

तू फोन उचलत नाहीस. आधी तो वाजायचा तरी, आता ती बाई सांगते की हा नंबर अस्तित्वात नाही. बदललास तर बदललास, पण एका बहिणीला टाळायला एवढा खटाटोप कशाला? तुझा पत्ता कैलासने दिला. मावशीचा कैलास ट्रक घेऊन भिवंडीला येतो, तिथे त्याने तुला टायरच्या दुकानात पाहिलं. घरी सांगू नको म्हणून तू त्याला शपथ घातलीस म्हणे. कैलासच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत नव्हतं का? मला तर वाटतं, माहीत होतं म्हणूनच घातलीस.

त्या दिवशी आपल्या टायरच्या दुकानातून तू चहा सांगायला रस्ता ओलांडून गेलास म्हणून वाचलास. आपला धाकटा स्वप्निल टायरमध्ये हवा भरायच्या टाकीपाशी होता म्हणून गेला. आणि टाकी फुटली तेव्हा आई तुमचा डबा घेऊन दुकानाच्या दारात पोचली होती. वर्ष झालं, मी तुम्हा तिघांचाच विचार करते. एक मेला, एक पळाला, आणि एक अजून त्या दारातच उभी आहे.

लष्कराच्या डेपोकडे जुना दारूगोळा फोडतात तो धमाका आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो. आपली तर तेव्हा झोपही मोडायची नाही. आता तो आवाज आला की आई पलंगाखाली जाते. खरंच जाते, आणि मग तिला बाहेर काढायला बाबा फरशीवर आडवे होऊन हात पुढे करतात. घरात कुकर लावत नाही, शिटीची भीती. गॅसवर दूध ठेवते आणि ते उतू जाताना समोर उभी राहून बघते. एक वाक्य सुरू करते आणि मध्येच सोडून देते. मी सासरी देवळीला कमी आणि इथेच जास्त असते. सासू बोलत नाही, पण भांडी फार आपटते.

शेजारची भागीरथामावशी कुठल्याशा बाबाचा अंगारा घेऊन आली होती. आपल्या बाबांनी पुडी सरळ अंगणात झटकली. "आमच्या घरी हे चालत नाई, बाई. आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक आहोत." ती बिचारी रडत गेली. आपले बाबा म्हणजे नत्थू गुरुजीच, शाळेतून रिटायर झाले तरी वर्गातून काही बाहेर आले नाहीत.

पण आता एक उपाय सापडला आहे. वर्ध्याला डॉक्टर रुचिका म्हणून बाई आहेत. त्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा व्यायाम करून घेतात. शॉक देत नाहीत. तारांमधून आत काही जात नाही, मेंदूत काय चाललंय ते फक्त बाहेर वाचलं जातं. समोर टीव्हीसारखा पडदा असतो. मेंदू शांत, एकाग्र असला की चित्र स्वच्छ दिसतं आणि बक्षिसाची घंटी वाजते. ताण आला की चित्र काळवंडतं. चित्र बघायच्या ओढीने मेंदू हळूहळू शांत राहायला शिकतो म्हणे. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, हेही बाईंनी सांगितलं. बाबांनी तेवढं ऐकलं नाही. घरी येऊन भागीरथामावशीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याले म्हणते विज्ञान!"

आई तुझी रोज आठवण काढते. दसऱ्याला आपण सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, तेव्हा तरी ये. आईला बरं वाटेल.

तुझी
मोनाली

नाचणगाव
२० जुलै २०२५

दादा, जय भीम.

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जातेच.

आईची खबर चांगली आहे. आठवड्यातून दोनदा पुलगावहून गाडी धरून आम्ही तिघं वर्ध्याला जातो. बाई तिच्या डोक्याला पांढरी पेस्ट लावतात, कानाला चिमटे लावतात. आई म्हणाली, "माह्या डोक्याची राबडी करून टाकली." कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून असं काही ऐकलं. मी तिथे बसल्याबसल्या रडले.

सुरुवातीला बाईंनी पडद्यावर मासे लावले होते. निळं पाणी, रंगीत मासे. आई पाच मिनिटांत पेंगली. बाईंनी विचारलं, आवडले नाहीत का? तर म्हणते, "नुसते पाहून काय करू? तव्यावर असते तं गोष्ट वेगळी." मग बाई म्हणाल्या, यांना मनापासून बघावंसं वाटेल असं काहीतरी घरून आणा. सिनेमा आणा, गाणी आणा.

बाबांनी पेन ड्राइव्ह नेला. माझ्या लग्नाची फिल्म. "घरचं लग्न आहे, आनंदाचं आहे," एवढंच बाईंना सांगितलं. त्यात स्वप्निल आहे हे सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण विचारलं असतं तर आईने स्वप्निललाच बघायला मागितलं असतं हे मला ठाऊक होतं.

दादा, तुला ती फिल्म आठवते ना? पुलगावच्या धीरजने काढलेली, दर दोन मिनिटांनी पडद्यावर बदाम उडतात ती. स्वप्निल वरातीत नाचतो, त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कुणाचीतरी चप्पल. मला वाटलं, तो दिसला की आईचा ताण वाढेल, पडदा काळा होईल. झालं उलटंच. स्वप्निल आला की चित्र आरशासारखं स्वच्छ. घंटी वाजतेच आहे. आई मान जराशी कलती करून बघते, दुपारच्या झोपेतल्या पोराकडे बघावं तशी.

तिला आता झोप लागते. परवा दुधापाशी उभी राहिली आणि उतू जायच्या आत गॅस बंद केला. डेपोचा आवाज आला तेव्हा पलंगाखाली गेली नाही, दाराची चौकट धरून उभी राहिली. बाबांची छाती आता सदऱ्यात मावत नाही. मशीनला ते जवळपास हात जोडतात.

फिल्ममध्ये काही ठिकाणी पडदा काळा होतो खरा. तारांचं काहीतरी असेल.

दसऱ्याचं मी लिहिलं होतं, पण त्याची घाई करू नकोस. गर्दी फार असते, तुझं कामही नवीन आहे. आईची तब्येत आणखी सुधारू दे, मग सावकाश बघू.

मोनाली

नाचणगाव
७ सप्टेंबर २०२५

दादा,

कैलास काल येऊन गेला. तुझा निरोप दिला. दसऱ्याला येतो म्हणालास. हे ऐकून मी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. मी चुलीपुढे बसून राहिले.

येऊ नकोस.

कारण सांगते. मागच्या पत्रात तारांचं म्हणून लिहिलं ते खोटं होतं. तारा ठीक आहेत. तू दिसलास की पडदा काळा होतो.

लग्नात तू कुठे नव्हतास? पाण्याचे जग घेऊन धावतोस, पंगतीत वाढतोस, मंडपवाल्याशी भांडतोस, स्वप्निलला खांद्यावर घेतोस. आणि दर वेळी, दादा, दर वेळी तू चौकटीत आलास की घंटी थांबते आणि चित्र काळवंडायला लागतं. तुझं तोंड आधी जातं, मग सगळंच. तू निघून गेलास की आई परत शांत होते. मी आणि बाबा मागे खुर्च्यांवर बसून हे कितीदा पाहिलंय त्याला हिशेब नाही. पहिल्यांदा योगायोग म्हटलं. आता बाबा तू यायच्या आधीच डोळे मिटून घेतात.

एकदा परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "तिच्या तोंडून निघन नाई, पण मन त्याले माफ नाई करत. माणूस लबाड बोलते, मशीन नाई बोलत." ती जुनी टाकी बदल असं त्यांनी तुला किती वेळा सांगितलं होतं, हेही पुन्हा म्हणाले. अंत्यविधीच्या दिवशी ते वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं आणि तू गेलास. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पण आता मशीनच त्यांच्या बाजूने आहे.

आणि आई तुझी रोज आठवण काढते, तेही खोटं. तू गेल्यापासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही. एकदाही नाही. मी लिहिलं कारण तू यावंस असं मला वाटत होतं. मला, आईला नाही.

आत्ता कुठे ती माणसात येते आहे. तू दारात उभा राहिलास आणि ती परत पलंगाखाली गेली तर तिला कोण बाहेर काढणार? बाबा आता फरशीवरून उठताना भिंत धरतात. तू मोठा आहेस, तुला कळतं. रागावून नाही लिहीत, रडून लिहिते आहे. आईसाठी येऊ नकोस.

मोनाली

नाचणगाव
२६ सप्टेंबर २०२५

दादा, आधीचं पत्र मिळालं असेल तर ते चुलीत घाल. हे वाच, आणि मिळेल त्या गाडीने ये.

काय झालं ते नीट सांगते. बाबांच्या डोक्यात आलं की आईची प्रगती तुझ्यामुळे अडते आहे. म्हणून ते धीरजच्या स्टुडिओत गेले आणि फिल्ममधून तुला काढून टाकायला सांगितलं. मी सोबत होते. धीरज म्हणाला, "गुरुजी, नवरीच्या भावाले काढून राह्यले तुमी? मंग लग्नात उरते काय?" बाबा म्हणाले, "उपचारासाठी लागते." उपचार म्हटल्यावर धीरजने कॉम्प्युटर सुरू केला. मीही अडवलं नाही, आणि लग्न माझं होतं.

त्याने कापलं आणि सांधलंही सफाईने. जिथे तू होतास तिथे बदाम उडवले.

मंगळवारी बाबांनी बाईंच्या हातात नवीन पेन ड्राइव्ह दिला. फिल्म सुरू झाली. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग पंगत आली आणि पडदा जरासा काळा झाला, दादा, तू तिथे नसताना. मंडप आला, आणखी काळा. आई पुढे सरकून बसली. तिचे डोळे पडद्याच्या कडा शोधत होते. वरात आली, स्वप्निल आला, आणि पहिल्यांदाच स्वप्निलवरही पडदा काळा झाला. पूर्ण काळा. घंटी बंद. आई उठली आणि तिने डोक्याच्या तारा उपटून काढल्या. पेस्टसकट केस निघाले.

"नागसेन कुठी आहे?"

बाबा म्हणाले, अगं, आहे, भिवंडीला आहे.

"मंग इथून काऊन काढला? तोही गेला ना? सांगा ना मले. गेला ना तो?"

आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो, आणि दोन माणसं एकदम बोलली की खोटंच वाटतं. मी तिला मिठीत घ्यायला गेले तर तिने मला ढकललं. "स्वप्निलच्या येळेसही तुमी असंच केलं. दवाखान्यात आहे, बरा आहे, पाणी मागून राह्यला. तो कैलासच आलता सांगाले. अन् तिकडं पोरगं बर्फावर होतं."

ते आपण केलंच होतं. सगळेच करतात. आईला एकदम सांगत नाहीत, दवाखान्यात आहे म्हणतात, आणि तेवढ्या वेळात अंत्ययात्रेची तयारी करतात. त्या दिवशी तिचं भलं म्हणून केलं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पडद्यावर तिचा मेलेला मुलगा होता हे त्यांना तेव्हा कळलं. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "मशीन ताण दाखवतं. कशाचा ताण, ते मशीनला कुठून कळणार? राग, भीती, काळजी, तारेला सगळं सारखंच. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही मला विचारलं नाही, जाऊ द्या. त्यांना तरी विचारायचं."

आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. आई समोर बसलेली, तिला तोंड आहे, आणि आम्ही दोघं तिच्या डोक्यामागच्या तारांकडे बघत होतो. भागीरथामावशी कौल लावते म्हणून हसणारी माणसं आपण, दादा. तिचा देव निदान डावा-उजवा तरी सांगतो. आम्ही काळा पडदा बघितला आणि अर्थ आमच्या मनातला लावला.

मग मी विचारलं. घरी आल्यावर, तिच्या केसांतली पेस्ट काढताना. आई, नागसेन दिसला की तुला काय व्हायचं?

"जीव थाऱ्यावर नाई राह्यत व. जेवला असन का, कुठी झोपत असन, पुन्हा त्या हवेच्या टाकीपाशीच काम करून राह्यला का. स्वप्निलची आता काय काळजी? तो गेला. त्याले पाह्यलं तं डोळे थंड होते. पर हा तं जिता होता ना."

मग नाव का घेत नव्हतीस?

"नाव घेतलं अन् तुमी सांगतलं, तोही नाई, तं मंग?"

बस. एवढंच होतं. वर्षभर ती तुला घाबरून काळजाशी धरून बसली होती आणि आम्ही त्याला राग म्हटलं. मी तुला तसं लिहून पाठवलं. तू ते वाचलं असशील.

ती आता ऐकायला तयार नाही. म्हणते, जिता आहे तं आवाज ऐकवा. फोन लावते, ती बाई बोलते, आई माझ्याकडे बघते. दादा, एक फोन कर. कुणाच्याही फोनवरून कर. नुसतं "आई" म्हण.

कैलासची भिवंडीची फेरी अजून लांब आहे, म्हणून हे पत्र रजिस्टर करते आहे.

मोनाली

नाचणगाव
१६ नोव्हेंबर २०२५

दादा,

रजिस्टर पत्र परत आलं. वर शेरा आहे, पत्त्यावर राहत नाही. कैलास दुकानात जाऊन आला. मालक म्हणाला, एक पत्र आलं, ते वाचून पोरगा दोन दिवस कामावर उभा होता नुसता, मग हिशेब न घेता गेला. कोणतं पत्र ते मालकाला माहीत नाही. मला माहीत आहे.

दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो नाही. आईने अल्बममधून तुझा फोटो काढला, दहावी पास झाल्यावरचा, कॉलर वर केलेला. तो स्वप्निलच्या फोटोशेजारी ठेवला आणि दोघांपुढे मेणबत्ती लावली. बाबांनी फोटो उचलायला हात पुढे केला तर म्हणाली, "ठेवा तो. तुमी पहिले कापला, मी आता जोडून राह्यली." बाबा तेव्हापासून सकाळी बुद्धवंदना म्हणतात आणि मध्येच थांबतात. काल भागीरथामावशीच्या घरी गेले होते. का गेले ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी चौकीवर तक्रार दिली आहे. सज्ञान माणूस स्वतःहून गेला तर आम्ही काय करणार, असं म्हणाले, पण फोटो ठेवून घेतला.

आईची तब्येत विचारशील तर ती बरी आहे. हे लिहायला नको वाटतं, पण बरी आहे. डेपोचा धमाका झाला तरी मान वर करत नाही. कुकर लावते. दूध उतू जात नाही. सुरू केलेलं वाक्य पूर्ण करते. शेजारणी म्हणतात, कमलाबाई सुधारली बरं का. सुधारलीच आहे.

गेल्या आठवड्यात तिने स्वतः वर्ध्याला जायचा हट्ट धरला. जुनी फिल्म पाहिजे म्हणाली, न कापलेली, दोन्ही पोरं असलेली. डॉक्टरबाई तयार नव्हत्या. "तारा लावायच्या तर नंतर माझ्याशी बोलायचं," असं त्यांनी आईकडून कबूल करून घेतलं. मी मागच्या खुर्चीत बसले. बाबा आले नव्हते.

स्वप्निल आला, चित्र स्वच्छ. मग पंगत आली आणि तू आलास. पाण्याचा जग घेऊन, घामाघूम, कुणावर तरी ओरडत. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. काळा हो, काळा हो, म्हणत होते मी मनात. पडदा काळा झाला नाही. तुझ्या कपाळावरचा घाम दिसत होता, शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं. इतका स्पष्ट मी तुला त्या पडद्यावर कधीच पाहिला नव्हता. आणि घंटी वाजत होती, बक्षिसाची. तू वाढत होतास, ती वाजतच होती. आईने मान कलती केली होती, स्वप्निलकडे बघताना करते तशीच.

डॉक्टरबाईंनी हात पुढे करून मशीन बंद केलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आई म्हणाली, "राहू द्या ना बाई. दोघंही किती चांगले दिसून राह्यले."

हे पत्र पोस्टात टाकत नाही, कोणता पत्ता घालू? कैलासच्या हातात देते आहे. तो म्हणतो, टायरच्या धंद्यातला माणूस टायरच्याच धंद्यात सापडतो, मी प्रत्येक दुकानापाशी गाडी थांबवीन. शपथ घातली आहे मी त्याला, आणि या वेळी सगळ्यांना सांगायची.

बाबांना माफ करू नकोस, मला करू नकोस. घरात पाऊल ठेवायचं नसेल तर ठेवू नकोस. फक्त एकदा तिला दिसशील असा ये, म्हणजे तू जेवलास का, कुठे झोपतोस, टाकीपाशी काम करतोस का, हा घोर तिला पुन्हा लागेल. तिची झोप उडू दे, दूध उतू जाऊ दे, दादा. तो पडदा पुन्हा काळा व्हायला पाहिजे.

तुझी
मोनाली